संगणकाचा गजर

पहाटेच्या वेळीं पुण्याच्या जुन्या पेठांतून फिरावयास निघणाऱ्या माणसाला रोज तींच दृश्यें दिसतात. दुधाच्या पिशव्या वांटणारा मुलगा, वर्तमानपत्रांचे गठ्ठे सोडणारा विक्रेता, देवळाच्या पायऱ्या झाडणारा पुजारी, हे सारे आपआपल्या वेळेला बांधलेले असतात. अलीकडे या दृश्यांत एका नव्या दृश्याची भर पडली आहे. एखाद्या कचेरीला बाहेरून कुलूप असतें; आंत माणूस नसतो, दिवा नसतो; आणि नेमके साडेसात वाजतांच काचेच्या तावदानाआड एक पडदा उजळतो, बारीकसा पंखा घुमूं लागतो, आणि संगणक कामाला लागतो. त्याची कळ कोणी दाबली? यांत भुताटकीहि नाहीं आणि फार मोठी विद्याहि नाहीं. संगणकाच्या पोटांत एक लहानसें घड्याळ असतें, त्या घड्याळाला गजर असतो, आणि तो गजर माणसाला हांक न मारतां परस्पर यंत्राचीच कळ दाबतो. हा गजर कसा चालतो, तो कसा लावावा, आणि लावूनहि तो केव्हां दगा देतो, हें समजून घेण्याजोगें आहे.

जुन्या काळीं लग्नघरांत मुहूर्त साधण्यासाठीं घटिकापात्र मांडीत असत. तळाला बारीक छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडावयाची. ती एका घटकेंत, म्हणजे चोवीस मिनिटांत, भरून बुडे. वेळ अचूक कळे. परंतु जोशीबुवांचा डोळा लागला कीं मुहूर्त टळलाच. पुढें गजराचें घड्याळ आलें. त्यानें डोळ्यांत तेल घालून बसण्याचें काम वांचविलें. तरी घड्याळ फक्त जागें करी, पुढचें काम माणसालाच करावें लागे. संगणकाच्या गजरानें तिसरी पायरी गांठली. येथें पाहणाराहि नको आणि उठणाराहि नको. अर्थात् जेथें मध्यें माणूस नाहीं, तेथें चूक सुधारणाराहि कोणी नाहीं. म्हणून हा गजर लावणाराला आधींच सारा विचार करून ठेवावा लागतो.

पहिला प्रश्न असा कीं, बंद असलेलें यंत्र स्वतःला चालू तरी कसें करील? याचें उत्तर असें कीं, तें पुरतें बंद नसतेंच. फार पूर्वीच्या संगणकांत भिंतीवरची वीज सरळ पुढच्या खटक्यापर्यंत येई. खटका पाडला कीं यंत्र निर्जीव होई. १९९५ सालीं इंटेल कंपनीनें ‘एटीएक्स’ या नांवाची नवी रचना पुढें आणली. तींत पुढचें बटण वीज तोडीत नाहीं. तें केवळ मदरबोर्डाला एक सूचना देतें. दुरुस्ती करणारे कारागीर ज्या पेटीला ‘एसएमपीएस’ म्हणतात, ती पेटी भिंतीवरचा खटका चालू आहे तोंवर पांच व्होल्टांचा एक बारीक प्रवाह मदरबोर्डाला अखंड पुरवीत राहते. हा प्रवाह फार थोडा. अलीकडील यंत्रांत बंद स्थितींतला सारा खर्च बहुधा एका वॉटाच्या आंत असतो. परंतु तेवढ्यावर मदरबोर्डाचा एक कोपरा जागा राहतो. रात्रीं वाड्याचा दिंडीदरवाजा लावला तरी देवडीवरचा पहारेकरी जसा जागा असतो, तसाच हा प्रकार होय. बटण दाबल्याची सूचना येवो कीं गजराची येवो, हा पहारेकरी एसएमपीएसकडे जाणाऱ्या एका तारेचा दाब शून्यावर आणतो, आणि त्यासरशी सारे प्रवाह सुरू होऊन यंत्र उठतें.

दुसरा घटक म्हणजे घड्याळ. संगणकाच्या मदरबोर्डावर रुपयाच्या नाण्यासारखा एक चपटा सेल असतो. बाजारांत त्याला ‘सीआर २०३२’ म्हणतात. या आंकड्यांतच त्याचें माप आहे: व्यास २० मिलिमीटर आणि जाडी ३.२ मिलिमीटर. भिंतीवरची वीज गेली तरी या तीन व्होल्टांच्या सेलावर घड्याळ चालत राहतें. घड्याळाचा लंबक म्हणजे गारगोटीच्या स्फटिकाचा एक सूक्ष्म तुकडा. तो सेकंदाला ३२,७६८ वेळां कंप पावतो. ही संख्या विचित्र वाटते, परंतु ती मुद्दाम निवडलेली आहे. ती पंधरा वेळां निम्मी केली कीं बरोबर एक उरतो, आणि कंप मोजणाऱ्या विद्युन्मंडलाला निम्में करणें हें सर्वांत सोपें काम असतें. १९८४ सालीं आय्‌बीएम्‌ कंपनीनें काढलेल्या ‘पीसी एटी’ या यंत्रांत मोटोरोला कंपनीची घड्याळाची चकती बसविली होती. तिच्यांत सेकंद, मिनिट आणि तास यांच्या कप्प्यांशेजारींच गजराचे सेकंद, मिनिट आणि तास यांचे तीन कप्पे होते. दोन्ही ओळी जुळल्या कीं चकती इशारा देई. आजच्या यंत्रांत ही चकती स्वतंत्र दिसत नाहीं, ती मोठ्या चकत्यांच्या पोटांत सामावली आहे. परंतु तिची वागणूक बव्हंशीं तीच आहे. डिसेंबर १९९६ मध्यें इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनीं मिळून वीज-व्यवस्थापनाचा एक समान करार प्रसिद्ध केला. त्यांत यंत्राच्या झोंपेच्या पायऱ्या ठरल्या, आणि गजराच्या कप्प्यांत दिवस व महिना यांनाहि जागा मिळाली.

झोंपेच्या या पायऱ्यांचा भेद लक्षांत ठेवणें अवश्य आहे. हलकी झोंप ती, जींत चालू काम स्मृतींत तसेंच धरलेलें असतें. गाढ झोंप ती, जींत तें काम तबकडीवर उतरवून ठेवून यंत्र बंद होतें. तिसरी अवस्था म्हणजे माणूस नेहमीं जिला ‘बंद करणें’ म्हणतो ती. विंडोज या प्रणालींतील कार्यसूची झोंपलेल्या यंत्राला जागें करूं शकते. पुरतें बंद केलेलें यंत्र मात्र तिच्यानें उठत नाहीं. पुष्कळांचा हिरमोड येथेंच होतो. पुरतें बंद केलेलें यंत्र उठवावयाचें तर गजर प्रणालीच्या वहींत नव्हे, तर खालीं घड्याळांत किंवा फर्मवेअरमध्यें नोंदवावा लागतो.

फर्मवेअर म्हणजे मदरबोर्डावरच कायम वस्तीला असलेला लहान कार्यक्रम. जुने लोक त्याला सरसकट ‘बायोस’ म्हणतात. प्रणाली येण्यापूर्वीं हाच जागा होतो, सारीं उपकरणें तपासतो आणि मग कारभार प्रणालीच्या हवालीं करतो. यंत्र सुरू होतांना एक ठराविक कळ दाबली असतां त्याचें पान उघडतें, आणि तेथें ‘ठरलेल्या वेळीं चालू व्हावें’ या अर्थाची एक ओळ सांपडते. घरांत एकच यंत्र असेल तर हा मार्ग उत्तम. परंतु समजा, एखाद्या शिक्षणसंस्थेच्या परीक्षागृहांत चाळीस यंत्रें आहेत. परीक्षा नऊ वाजतां सुरू व्हावयाची. शिपाई साडेआठला येणार. यंत्रांनीं साडेसातला उठून आपलीं नवीन दुरुस्त्यांचीं कामें उरकून तयार असावें अशी अपेक्षा. येथें प्रत्येक यंत्रापुढें बसून, कळ दाबून, पान उघडून, तास आणि मिनिटें भरीत बसणें हें एका माणसाचें अर्ध्या दिवसाचें काम झालें; आणि वेळ बदलली कीं पुनः तेंच. म्हणून लेखी आज्ञेचा मार्ग निघाला. ज्या काळ्या चौकटींत चित्रें नसतात, केवळ अक्षरें टंकावयाचीं असतात, तेथून एका ओळीनें हेंच काम होतें, आणि तीच ओळ चाळीसहि यंत्रांना पाठवितां येते.

या आज्ञांचे दोन वर्ग पडतात, आणि त्यांतील भेद न कळल्यामुळें बहुतेक घोटाळे होतात. पहिला वर्ग एकवेळच्या गजराचा. लिनक्स या प्रणालींत ‘आरटीसीवेक’ नांवाची आज्ञा बहुधा आधींच बसविलेली असते. तिला वेळ सांगावी आणि रीत सांगावी. ‘ऑफ’ ही रीत सांगितली तर ती गजर लावून यंत्र बंद करते, ‘नो’ सांगितली तर नुसता गजर लावून ठेवते, आणि ‘शो’ सांगितली तर लावलेला गजर दाखविते. याच्याहि खालच्या पायरीवर ‘वेकअलार्म’ नांवाची एक लहानशी फाईल असते. तींत १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद लिहिले कीं गजर लागतो. मात्र आधींचा गजर शिल्लक असतां नवा लिहूं गेल्यास फाईल ‘मी कामांत आहें’ असें म्हणून नकार देते. म्हणून प्रथम शून्य लिहून पाटी कोरी करावी, मगच नवी वेळ लिहावी. हा गजर एकदां वाजला कीं संपला. दुसऱ्या दिवशींचा गजर यंत्रानें उठल्यावर स्वतःच पुनः लावला पाहिजे. त्या एका दिवशीं तें कोणत्याहि कारणानें उठलें नाहीं, तर सारी माळच तुटते.

दुसरा वर्ग फर्मवेअरच्या कायम नोंदीचा. येथें लिहिलेली वेळ रोज, किंवा ठरविलेल्या वारीं, आपोआप लागू होते. अडचण एवढीच कीं, प्रत्येक कंपनीची भाषा निराळी. डेलच्या यंत्रांसाठीं ‘सीसीटीके’ नांवाची आज्ञा आहे. तिला ‘ऑटोऑन’ हा शब्द देऊन रोज, कामाचे वार, निवडक वार किंवा बंद, यांपैकीं एक सांगावें, आणि तास व मिनिट यांसाठीं दोन वेगळे आंकडे द्यावे. एचपीच्या यंत्रांत सर्व नोंदी एका साध्या मजकुराच्या फाईलींत उतरवून घेतां येतात. प्रत्येक नोंदींत जो पर्याय चालू असेल त्याच्या आधीं तारकेची खूण असते. ती खूण हलवून फाईल परत लिहिली कीं काम झालें. तेथें प्रत्येक वाराला स्वतंत्र होकार किंवा नकार देतां येतो. ॲपलच्या यंत्रांत ‘पीएमसेट’ ही आज्ञा आहे. तींत वार एकेका अक्षरानें सांगावे लागतात, आणि मंगळवार व शनिवार यांनीं आपलीं अक्षरें आधींच अडविलेलीं असल्यानें गुरुवारच्या वांट्याला ‘आर’ आणि रविवारच्या वांट्याला ‘यू’ आलें आहे. लिनक्सच्या २०२१ सालच्या ५.११ या आवृत्तीपासून डेलच्या, आणि मागून इतर कंपन्यांच्या, फर्मवेअरच्या नोंदी साध्या फाईलींप्रमाणें वाचण्याची व लिहिण्याची सोय झाली. त्यामुळें निराळ्या भाषांचा त्रास थोडा कमी झाला. नोंदींचीं नांवें मात्र अद्याप ज्याचीं त्याचींच आहेत.

आतां खऱ्या परीक्षेला सुरुवात होते. परीक्षागृहाच्या व्यवस्थापकानें चाळीस यंत्रांना साडेसातची वेळ दिली; आणि सकाळीं शिपाई येऊन पाहतो तों एकहि यंत्र उठलेलें नाहीं. विद्यार्थी दारांत उभे, पर्यवेक्षक घड्याळाकडे पाहत आहेत. कळा दाबून यंत्रें कशीबशी उठविलीं जातात. गंमत अशी कीं, एखादें यंत्र तसेंच बंद राहून गेलें असेल तर तें दुपारीं एक वाजतां आपण होऊन उठतें. यंत्र खोटें बोललेलें नाहीं. त्याच्या घड्याळांत तेव्हांच साडेसात झाले. हें साडेपांच तासांचें कोडें कळण्यासाठीं पुणेकराला फार दूर जावयास नको. शिवाजीनगरची ‘सिमला ऑफिस’ ही वेधशाळा सर्वांना ठाऊक आहे. हवामान खात्याचें मुख्य कार्यालय १९२८ सालीं सिमल्याहून पुण्यास आलें आणि १९४४ सालीं दिल्लीस गेलें. नांव मात्र येथेंच राहिलें. हवामानाचीं निरीक्षणें साऱ्या जगांत एकाच क्षणीं घ्यावयाचीं असतात. म्हणून त्यांच्या वेळा कोणत्याहि एका देशाच्या घड्याळावर न ठरतां जागतिक वेळेवर ठरतात. जागतिक वेळेचे तीन वाजले कीं भारतांत साडेआठ झालेले असतात, आणि सकाळचें मुख्य निरीक्षण त्याच क्षणीं होतें. निरीक्षकाच्या मनगटावर साडेआठ आणि त्याच्या संदेशांत तीन, हें अंतर त्या खात्याच्या अंगवळणीं पडलेलें आहे.

संगणकाचेंहि तसेंच. भारताची प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. ती साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर मोजलेली, म्हणून जागतिक वेळेच्या साडेपांच तास पुढें आहे. विंडोज आपलें आंतलें घड्याळ सामान्यतः स्थानिक वेळेवर ठेवते. लिनक्स बहुधा जागतिक वेळेवर. बिचाऱ्या फर्मवेअरला देश कळत नाहीं आणि रेखांशहि कळत नाहीं. घड्याळांत जो आंकडा दिसेल त्याच्याशीं तो आपला आंकडा जुळवितो. म्हणून ज्या यंत्राचें घड्याळ जागतिक वेळेवर आहे, तेथें साडेसातला उठावयाचें तर फर्मवेअरच्या नोंदींत दोन वाजले असें लिहिलें पाहिजे. लिनक्समधील एकवेळच्या गजराची आज्ञा हा हिशेब स्वतः करते, कारण घड्याळ कोणत्या वेळेवर आहे हें प्रणालीला ठाऊक असतें, आणि तें तिला स्पष्ट सांगतांहि येतें. फर्मवेअरच्या कायम नोंदीचा हिशेब मात्र माणसाच्या माथीं.

येथेंच आणखी एक बारीक खोंच आहे. समजा, यंत्रें पहाटे पांच वाजतां उठवावयाचीं आहेत. पांचांतून साडेपांच तास वजा केले असतां आदल्या रात्रीचे साडेअकरा येतात. म्हणजे सोमवारच्या पहाटेचा गजर घड्याळाच्या मतें रविवारींच वाजला पाहिजे. व्यवस्थापकानें ‘कामाचे वार’ हा पर्याय निवडून साडेअकरा ही वेळ दिली, तर सोमवारीं पहाटे यंत्रें स्वस्थ पडून राहतील, आणि शनिवारीं पहाटे, जेव्हां कचेरी बंद, तेव्हां चाळीसहि यंत्रें हटकून उठतील! अशा वेळीं ‘निवडक वार’ घेऊन रविवार ते गुरुवार असे पांच वार द्यावे. साडेपांचनंतरच्या वेळेला हा दोष लागत नाहीं. साडेपांचच्या आधींच्या प्रत्येक वेळेला लागतो. घरांतील पंचांग सूर्योदयापासून वार मोजतें, कचेरी मध्यरात्रीपासून मोजते, आणि संगणकाची मध्यरात्र पुण्याच्या साडेपांचला होते. ज्याचा त्याचा वार ज्याच्या त्याच्या घड्याळाप्रमाणें.

वारांची गोष्ट निघाली म्हणजे पुण्यांत गुरुवारचें नांव आल्याशिवाय राहत नाहीं. पाणीपुरवठ्याच्या आणि वीजवाहिन्यांच्या देखभालीचीं कामें या शहरांत बहुधा गुरुवारीं निघतात. पुणेकर गृहिणी बुधवारीं रात्रीं पिंपें भरून ठेवते ती याच अनुभवानें. गजराच्या दृष्टीनें याचा अर्थ काय? साडेसातच्या क्षणीं भिंतींत वीज नसेल तर सेलावरचें घड्याळ चालतें, दोन्ही आंकडे जुळतात, परंतु उठवावयास बळच नसतें. वीज आठ वाजतां आली तरी तो क्षण निघून गेलेला असतो. गजर वायां जातो आणि यंत्र पुढच्या साडेसातची वाट पाहत बसतें.

यासाठीं फर्मवेअरमध्यें आणखी एक नोंद असते: गेलेली वीज परत आल्यावर काय करावें? तिचीं उत्तरें तीन. बंदच राहावें, चालू व्हावें, किंवा वीज जातांना जी स्थिति होती तींत परत जावें. नव्या यंत्रांत बहुधा पहिलें उत्तर लिहिलेलें असतें. ज्याला गुरुवारीं यंत्र उठलेलें हवें, त्यानें दुसरें उत्तर द्यावें. मग गजर चुकला तरी वीज येतांच यंत्र उठेल. त्याची किंमत अशी कीं, पावसाळ्यांत रात्रीं दहा वेळां वीज गेली आणि आली, तर यंत्रहि दहा वेळां उठेल, आणि निजवावयास कोणी नाहीं म्हणून पहाटेपर्यंत जागत बसेल. म्हणून ठरल्या वेळीं यंत्र आपण होऊन बंद व्हावें अशीहि आज्ञा प्रणालींत लावून ठेवावी. उठविण्याची व्यवस्था आणि निजविण्याची व्यवस्था यांची जोडीच असावी लागते. यूपीएस जोडलेला असेल तर लहानसहान खंड त्याच्या बळावर निभावतात. तासाभराचा खंड साध्या यूपीएसला झेपत नाहीं.

विजेचा विचार दुसऱ्याहि बाजूनें करावा लागतो. यंत्र रात्रभर चालूच ठेवलें तर गजराची कटकटच नको, असें पुष्कळ म्हणतात. एक यंत्र रिकामें बसून साठ वॉट खातें असें धरलें, तर चाळीस यंत्रें बारा तासांच्या रात्रींत २८.८ युनिट खातात. महिन्याचे ८६४ युनिट झाले. तींच यंत्रें बंद ठेवून एकेक वॉटावर राहिलीं तर महिन्याला पंधरा युनिटहि लागत नाहींत. ज्या शहरानें विजेचे वाईट दिवस पाहिले आहेत, तेथें हा हिशेब कोरडा वाटूं नये. २००५ च्या सुमारास महाराष्ट्रांत भारनियमनाचा कहर होता. तेव्हां पुण्यांतील कारखान्यांनीं आपलीं स्वतःचीं जनित्रें चालवून ग्रिडवरचा भार हलका करावयाचा आणि त्याचा वाढीव खर्च शहरांतील ग्राहकांनीं आकाराच्या रूपानें सोसावयाचा, अशी योजना निघाली. वीज नियामक आयोगाच्या संमतीनें ती २००६ सालीं अमलांत आली आणि ‘पुणें मॉडेल’ या नांवानें प्रसिद्ध झाली. वीज वांचविणें म्हणजे कोणाच्या तरी घरचा अंधार थोडा कमी करणें, हें त्या दिवसांनीं शिकविलें. याच शहरांत १९८८ सालीं स्थापन झालेल्या सीडॅक या संस्थेनें १९९१ सालीं ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. असल्या यंत्रांना अहोरात्र काम असतें, त्यांना झोंप परवडत नाहीं. परंतु टेबलावरच्या यंत्रानें त्यांचें अनुकरण करण्याचें कारण नाहीं.

दोन लहान शत्रूंचा उल्लेख केला पाहिजे. पहिला सेलाचा थकवा. यंत्र भिंतींतील विजेला जोडलेलें असतां घड्याळ त्याच बारीक प्रवाहावर चालतें आणि सेल वर्षानुवर्षें टिकतो. परंतु रोज रात्रीं भिंतीवरचा खटकाच पाडण्याची संवय असेल तर भार सेलावर पडतो, तो लवकर संपतो, आणि घड्याळ कारखान्यांतल्या जुन्या तारखेवर जाऊन बसतें. शिवाय खटका पाडला म्हणजे गजरहि पाडला, हें उघडच आहे. दुसरा शत्रु म्हणजे वाहवलेलें घड्याळ. स्फटिकांत दहा लाखांत वीस भागांची चूक असली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद आणि महिन्याला सुमारें पाऊण मिनिटाच्या वर फरक पडतो. जालाला जोडलेलें यंत्र आपली वेळ दूरच्या प्रमाण-घड्याळाशीं पडताळून घेतें. भारताची प्रमाणवेळ सांभाळण्याचें काम दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा करते. जालापासून अलग ठेवलेल्या यंत्राचें घड्याळ मात्र माणसानें अधूनमधून लावावें.

कांहीं मदरबोर्डांत वीज-बचतीची अशी एक नोंद असते कीं, ती चालू केली असतां तो पांच व्होल्टांचा जागता प्रवाहहि तुटतो. मग गजर ऐकणार कोण? गजर लावूनहि यंत्र उठत नसेल तर ही नोंद प्रथम पाहावी. कांहीं यंत्रांत फर्मवेअरचा गजर चालू असतां तो प्रणालीनें लावलेल्या गजरावर आपली वेळ चढवितो. म्हणून दोन धनी न ठेवतां गजराची जबाबदारी एकाकडेच द्यावी. फर्मवेअरला संकेतशब्द असेल तर तो आज्ञेच्या ओळींत लिहावा लागतो. अशा ओळी यंत्राच्या इतिहासांत जशाच्या तशा राहतात, आणि पुढच्या माणसाला त्या वाचतां येतात. काम झाल्यावर त्या पुसून टाकाव्या. आणि मांडीवर घेऊन वापरावयाच्या संगणकाला असा गजर लावून तो पिशवींत कधींहि ठेवूं नये. बंद पिशवींत उठलेलें यंत्र तापत जातें, वारा मिळत नाहीं, आणि त्यांतून नुकसान होण्याचें भय असतें.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे परीक्षेच्या आधीं यंत्रांची परीक्षा घेणें. ती तीन प्रकारें घ्यावी. पहिल्या दिवशीं एकाच यंत्रावर पांच मिनिटांनंतरची वेळ लावून, तें रीतसर बंद करून, समोर बसून पाहावें. पांच मिनिटांत उठलें नाहीं तर घड्याळ जागतिक वेळेवर आहे कीं स्थानिक, हें आधीं तपासावें. दुसऱ्या वेळीं गजराच्या क्षणीं भिंतीवरचा खटका बंद ठेवून दहा मिनिटांनीं चालू करावा. म्हणजे गुरुवारचा प्रसंग घरींच उभा राहतो. तिसऱ्या वेळीं शनिवारपासून सोमवारपर्यंत यंत्राला हात न लावतां, तें कोणत्या दिवशीं कितीला उठलें हें त्याच्याच नोंदवहींत वाचावें. तिन्ही कसोट्यांस उतरलें तरच तीच आज्ञा उरलेल्या एकुणचाळीस यंत्रांना पाठवावी.

इतकें केल्यावर व्यवस्थापकाला रात्रीं निश्चिंत झोंप लागण्यास हरकत नाहीं. सकाळीं शिपाई कुलूप उघडील तेव्हां चाळीस पडदे उजळलेले असतील, आणि विद्यार्थी दारांत ताटकळत उभे राहणार नाहींत. त्या गजराचा आवाज मात्र कोणालाच ऐकूं येणार नाहीं. मुहूर्त साधला म्हणजे घटिकापात्राची आठवण मांडवांत कोणाला राहत नाहीं. चांगल्या गजराचेंहि तसेंच आहे.